बोअर गेज 'ओके' म्हणतो, प्लग गेज मात्र जात नाही

पातळ रिंग, बाहेरून ९० मिमी, बोअर (आतले भोक) ८० एच७, म्हणजे मुभा शून्य ते अधिक ०.०३० मिमी. सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) बोअर केल्यावर डायल बोअर गेज (समोरासमोरच्या दोन बिंदूंवर आतला व्यास मोजणारे साधन) कुठेही फिरवा, ८०.०१५. तरी 'गो' प्लग (माप बरोबर असेल तर भोकात जायलाच हवा असा तपासणीचा दंडगोल) तोंडाशीच अडकायचा.

इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलला, फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) ०.०१ वाढवला, तीन दिवस आणि अकरा रिंगा भंगारात.

मग प्लगला निळी शाई लावून रिंगेत फिरवला. खुणा तीनच, १२० अंशांवर, चकच्या (लेथवर काम पकडणाऱ्या भागाच्या) तीन जॉच्या, म्हणजे जबड्यांच्या, बरोब्बर मधे! चकने रिंग दाबली, बोअर गोल झाला, सोडल्यावर रिंग उसळली. असा तिकोनी आकार दोन बिंदूंच्या गेजला दिसतच नाही, कारण व्यास सगळीकडे सारखाच भरतो.

उपाय असा केला: आधी साध्या जॉऐवजी रिंगेला जवळजवळ पूर्ण वेढणारे रुंद सॉफ्ट जॉ (हव्या मापाला कापता येणारे मऊ जबडे) बसवले. त्यांच्या मागच्या बाजूला एक गोल तुकडा पकडून, कामाच्याच दाबावर, जॉ रिंगेच्या बाहेरच्या मापाला बोअर केले. (तुकडा न पकडता बोअर केले तर जॉचा ढिलेपणा तसाच राहतो.) मग चकच्या १८ बार दाबावर रफ बोअर (पहिला ढोबळ कट), व्यासावर ०.३ मिमी शिल्लक. तिथे प्रोग्रॅममध्ये एम००, म्हणजे मशीन थांबवणारा कोड. चक पूर्ण उघडायचा, रिंग मोकळी होऊ द्यायची, ८ बारवर परत पकडून फिनिश कट. फिनिशला आरपीएम कमीच ठेवा. वेगाने जॉ बाहेर फेकले जाऊन पकड सुटते.

प्लग आता हाताने सरकतो.