निळ्या धुराचा माग
माझ्या १९९८ सालच्या पेट्रोल मोटारीतून सकाळी इंजिन सुरू करताच निळसर धुराचा लोट निघे आणि मिनिटभरात विरून जाई. काळा धूर जादा पेट्रोलाचा, लवकर न विरणारा गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) आणि निळा धूर ऑइल जळल्याचा, हे मला ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता, की ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या बाजूने झिरपते की खालून, पिस्टनच्या बाजूने. साताऱ्यातील एका गॅरेजवाल्याने तर न तपासताच पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीची, ऑइल वर येऊ न देणारी कडी) गेल्याचे सांगून टाकले. मी मात्र यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलो आणि खाली पोहोचून तो पुन्हा दाबताच आरशात निळा ढग दिसला. अशा उतारावर इनटेकमधील पोकळीची ओढ वाढून व्हॉल्व्हच्या दांड्यालगत ऑइल खाली खेचले जाते, त्यामुळे संशय त्या दांड्यांवरच्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलवर गेला. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, तिन्ही सिलिंडरांत सारखे व पुरेसे भरले. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून मोजले तरी ते किंचितच वाढले; रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलाने फट बुजून ते बरेच वाढले असते, म्हणजे रिंगा शाबूत होत्या. दुसऱ्या मिस्त्रींनी व्हॉल्व्ह खाली पडू नयेत म्हणून सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून, हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवताच सील बदलली. जुने सील मी नखाने दाबून पाहिले, तर ते रबर बांगडीसारखे कडक होऊन चक्क तडकले.