शिवरात्र संध्याकाळीच उरकू नका

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की आमच्या अपार्टमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले. "काकू, रताळं चालतं का?" आणि "काकू, पूजा संध्याकाळी सातलाच उरकली तर चालेल का?" पहिल्याला मी हो म्हणते. दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोकांची तोंडं पडतात.

आधी तारखेचा घोळ. २०२४ साली शिवरात्र ८ मार्चला होती. माझ्या पुतण्याने मोबाइलवर पाहिलं, तर चतुर्दशी त्या रात्री दहाच्या सुमारास लागत होती. "सूर्योदयाला जी तिथी, तीच त्या दिवसाची. म्हणजे शिवरात्र उद्या," असं म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना येड्यात काढलं. आम्ही भगर-आमटी खात होतो, हा समोर बसून कडक भाकरी न् शेंगाचटणी हाणत होता. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निर्जळी उपवास. मार्चचं सोलापूर, दुपारचं ऊन, पोटात पाण्याचा थेंब नाही. चारलाच डोकं धरून बसला. त्यात संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास चतुर्दशी संपली न् अमावास्या लागली. रात्री हा बेल घेऊन देवळात गेला, तर तिथे आदल्या रात्रीचं निर्माल्य आवरणं चालू होतं!

बाकीच्या बऱ्याच सणांना सूर्योदयाची तिथी बघतात, शिवरात्रीला मध्यरात्रीची. चतुर्दशी ज्या रात्रीच्या निशीथकाळात असेल, ती शिवरात्र. आपल्याकडे त्या वर्षी निशीथकाळ साधारण सव्वाबारा ते एक होता. मी मोबाइलवर विसंबत नाही. भिंतीवरचं पंचांग बघते न् शंका आली तर गुरुजींना विचारते. आणि निर्जळीचं धाडस आपल्या उन्हात करू नका. पाणी, ताक, शहाळं घ्या. शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग संकल्प करा.

आता सातला उरकणाऱ्यांबद्दल. सूर्यास्त ते सूर्योदय असे रात्रीचे चार प्रहर, एकेक साधारण तीन तासांचा. पहिल्याला दुधाने अभिषेक, दुसऱ्याला दह्याने, तिसऱ्याला तुपाने, चौथ्याला मधाने. हल्ली चारही वाट्या ओळीने मांडून वीस मिनिटांत चार प्रहर "कव्हर" करतात. अरे, मग व्रत कसलं केलं? त्यापेक्षा एकच प्रहर करा, पण त्याच्या वेळेला करा. नोकरीवाल्यांना मी निशीथकाळ धरायला सांगते. साडेअकराचा गजर लावायचा, अंघोळ करून बसायचं, एकला उठायचं.

झोप येते ती फराळामुळे. दुपारी तुपात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या, वर बटाट्याचे वेफर्स, संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा. मग दहाला माणूस आडवा. मी दुपारी भगर न् शेंगदाण्याची आमटी थोडीशीच घेते, सोबत कवठाची चटणी, रात्री फक्त दूध. आणि बसायला पाट घेते. सोलापुरी चादर अंगावर घेतली की जागरण संपलंच म्हणून समजा.

भगरीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. शिवरात्र-नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, पिठाला तर लवकरच, आणि ते विष शिजवून जाईल याचा भरवसा नाही. मीसुद्धा एकदा जुनं उरलेलं पीठ "फुकट कशाला घालवा" म्हणून थालीपिठाला वापरलं होतं. घरातल्या तिघांनी ती रात्र जागून काढली, पण देवापुढे बसून नव्हे. तेव्हापासून पाकीटबंद अख्खी भगर आणायची, निवडून धुऊन वाळवायची, लागेल तेवढीच घरी दळायची. सुटं पीठ नाहीच.

आपली शेंगाचटणी उपवासाला चालत नाही, तिच्यात लसूण असतो. शेंगदाणे आहेत म्हणून ती फराळाची होत नाही. हे दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतंच.

बेल आदल्या दिवशीच आणून ठेवा, चतुर्दशीला तोडत नाहीत. वाहताना पालथा. तांब्याच्या गडूत दूध नको, माझा स्टीलचा आहे. तुपाच्या अभिषेकानंतर पिंडीवर कोमट पाणी घाला, नाहीतर चौथ्या प्रहरी मध चिकटून सकाळी मुंग्यांची रांग लागते. प्रदक्षिणा घालताना पाणी वाहून जातं ती पन्हाळ ओलांडायची नाही, तिथवर जाऊन मागे फिरायचं.

सिद्धेश्वराला जायचं असेल तर मी पहाटेची वेळ धरते, पण रात्रभर जागून स्वतः गाडी चालवत नाही, रिक्षा करते. पोरं मात्र जागरण करून तशीच सोलापुरातल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या फेरीला बाइक काढतात. माझ्या घरात चावी मी लपवते.

पारणं दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर. रिकाम्या पोटी भजी नकोत. आमच्याकडे मऊ वरणभात असतो. पुतण्या आता आठवडाभर आधीच विचारतो, "काकू, नक्की कोणत्या रात्री?"