असेंब्लीत स्ट्रिंगची लांबी मोजणारे रूटीन वेगवान करताना या चुका टाळा

सोलापुरात ग्राहकांची यादी हाताळणाऱ्या प्रोग्रामला देवनागरी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिपींतली नावे एकाच फाइलमध्ये सापडू शकतात. अशा यादीसाठी कोणी एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या) असेंब्लीत स्ट्रिंगची, म्हणजे शेवटी शून्य बाइट असलेल्या मजकुराची, लांबी बाइटांत मोजणारे रूटीन लिहायला घेतले, तर त्यातल्या चुका नेमक्या याच नावांवर उघड्या पडतात आणि रोमन लिपीतल्या चाचण्या मात्र बिनबोभाट पास होतात.

बहुतेक जण ‘रेप्ने स्कॅसबी’ या, हवा तो बाइट सापडेपर्यंत एकेक बाइट तपासणाऱ्या, तयार सूचनेपासून सुरुवात करतात. ती एका ओळीत काम करते, पण वेगासाठी ती निवडू नये. नव्या प्रोसेसरांत कॉपी करणाऱ्या आणि भरणाऱ्या ‘रेप’ सूचनांना मिळालेली वेगवान वाट तिला बहुतेक ठिकाणी मिळालेली नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे एका वेळी ८ बाइट तपासणे. प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये घेतलेल्या ८ बाइटांतून, प्रत्येक बाइट ०१ असलेली संख्या वजा करायची, उत्तराचा मूळ बाइटांच्या उलटवलेल्या बिटांशी अँड करायचा आणि शेवटी, प्रत्येक बाइट हेक्स ८० (म्हणजे १२८, फक्त वरचा बिट चढलेला) असलेल्या मास्कशी अँड करायचा; काही उरले तर त्या ८ बाइटांत शून्य आहे. यातली बिटे उलटवण्याची पायरी एक-दोन सूचना वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. रोमन लिपीतले ‘सोलापूर’ ७ अक्षरे आणि शेवटचे शून्य मिळून बरोबर ८ बाइटांत बसते आणि उत्तरही बरोबर ७ येते, कारण त्यातला प्रत्येक बाइट १२८ पेक्षा लहान असतो. देवनागरीतल्या ‘सोलापूर’मध्ये ७ युनिकोड चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे लांबी २१ यायला हवी. पण पहिल्या ‘स’चे बाइट २२४, १६४, १८४ असे आहेत. २२४ मधून १ वजा केला तरी वरचा बिट चढलेलाच राहतो, रूटीनला पहिल्याच बाइटला शून्य सापडल्याचा भास होतो आणि लांबी ० येते. तेलुगू आणि कन्नड अक्षरांचा पहिला बाइटही २२४ च असल्याने तिथेही हेच घडते. काही जण असा भास झाल्यावर एकेक बाइट पुन्हा तपासून पुढे जातात. मग उत्तर बरोबर येते, पण जवळपास प्रत्येक गट मंद वाटेने जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

याच पद्धतीत लांबी कधी बरोबर तर कधी भलतीच मोठी येत असेल, तर आधी स्थिरांक, म्हणजे ०१ आणि हेक्स ८० बाइटांच्या त्या दोन संख्या, तपासा. वजाबाकीच्या सूचनेत ६४ बिटांची संख्या थेट लिहिता येत नाही, ३२ बिटांचीच बसते. वरच्या ४ बाइटांतून काहीच वजा झाले नाही, तर तिथले शून्य निसटते आणि रूटीन पुढे वाचत सुटते. दोन्ही स्थिरांक आधी रजिस्टरमध्ये भरून ठेवावेत आणि असेंब्लरने दिलेला इशारा कधीही डावलू नये.

एसएसई२ (१६ बाइटी रजिस्टरांवर चालणाऱ्या सूचनांचा संच) वापरून १६ बाइट एकदम तपासणे अधिक चांगले, कारण त्यातली ‘पीसीएमपीईक्यूबी’ ही सूचना प्रत्येक बाइटची थेट शून्याशी तुलना करते आणि वरच्या बिटाचा प्रश्नच उरत नाही. इथे चुका होतात त्या पत्त्यांच्या. स्ट्रिंग जिथे सुरू होते तिथूनच १६ बाइट उचलले, तर ४०९६ बाइटांच्या पेजच्या (मेमरीच्या तुकड्याच्या) टोकाशी असलेली स्ट्रिंग पुढच्या, कदाचित उपलब्धच नसलेल्या, पेजमध्ये पाय टाकते आणि प्रोग्राम कधीतरीच, कारण न कळता, कोसळतो. म्हणून पत्ता १६ च्या पटीत खाली आणून वाचावे. असे वाचन पेजची सीमा कधीच ओलांडत नाही. मात्र मग स्ट्रिंगच्या आधीचे बाइटही हाती येतात. सलग रचलेल्या नावांच्या तक्त्यात तिथे आधीच्या नावाचे शेवटचे शून्य हमखास असते, त्यामुळे तुलनेतून आलेला मास्क (प्रत्येक बाइटमागे एक बिट) मूळ पत्त्याच्या खालच्या ४ बिटांइतका उजवीकडे सरकवलाच पाहिजे. लांब स्ट्रिंगचे उत्तर १ ते १५ ने जास्त येत असेल, तर शेवटी मूळ पत्त्याऐवजी खाली आणलेला पत्ता वजा झाला आहे, असे समजावे.

एव्हीएक्स या पुढच्या संचाचे ३२ बाइटी रजिस्टर वापरल्यास परतण्यापूर्वी, त्या रजिस्टरांचा वरचा अर्धा भाग शून्य करणारी ‘व्हीझीरोअपर’ सूचना द्यावी.

वेग मोजताना एकच स्ट्रिंग लाखो वेळा देऊ नये, कारण शाखांचा अंदाज बांधणारी यंत्रणा ती लांबी पाठ करते आणि आकडे फसवे सुंदर दिसतात. चार-चार गट एकत्र तपासणारे उलगडलेले लूप लांब मजकुराला उपयोगी पडते, पण २०-३० बाइटांच्या नावांना त्याची तयारीच महाग पडते. म्हणून खऱ्या यादीतली नावे त्यांच्या खऱ्या क्रमाने द्यावीत.

अचूकतेसाठी लिनक्सवर शेजारची दोन पेजेस घेऊन दुसरे ‘एमप्रोटेक्ट’ने (पेज वाचण्याची परवानगी काढून घेणाऱ्या कॉलने) बंद करावे. मग तिन्ही लिपींतली नावे अशी ठेवावीत की शेवटचे शून्य पहिल्या पेजच्या अखेरच्या बाइटवर पडेल, आणि प्रत्येक नाव एकेक बाइट मागे सरकवत सुरुवातीच्या १६ ही स्थितींत तपासावे.