कोरडवाहू झाड ऊन, पाणी आणि गारवा कसा वापरतं: पानफुटीवर घरी करायची चाचणी

गगनबावड्यात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, शिरोळकडे जेमतेम ५००. एकाच कोल्हापूर जिल्ह्यातली ही दोन टोकं. पूर्वेकडे जाल तसं बांधावर घायपात आणि निवडुंग दिसायला लागतात. या झाडांना उन्हाची कमतरता कधीच नसते. अडचण वेगळी असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की पानातलं पाणी उडून जातं. त्यामुळे कोरड्या मुलखात रंध्रं कधी उघडायची यावरच झाडाचं प्रकाशसंश्लेषण ठरतं.

घायपात, निवडुंग, कोरफड आणि आपल्या गच्चीवरची पानफुटी ही रंध्रं रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या द्रवाच्या पिशवीत, साठतो. दिवसा रंध्रं मिटलेली असतात; आतल्या आत ते आम्ल मोडून सुटलेल्या वायूपासून साखर बनते. साहजिकच पान पहाटे आंबट असतं आणि दिवस कलेपर्यंत तो आंबटपणा ओसरतो. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ सालच्या एका पत्रात पानफुटीबद्दल हे लिहून ठेवलं होतं. त्याने पान चाखलं होतं. तुम्ही चाखू नका, त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आपण चुन्याच्या निवळीने आंबटपणा मोजू.

आधीची तयारी. लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा चुना घालून बाटली हलवा, रात्रभर ठेवा आणि वरची स्वच्छ निवळी दुसऱ्या बाटलीत काढा. झाकण घट्ट लावा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती कमजोर होते. सगळ्या चाचण्यांना हीच निवळी वापरा. डोळ्यांत जाऊ देऊ नका; मुलं करणार असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं. थोडी हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळून घ्या. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते.

पानं निवडणं. घाई करू नये ती इथेच. पानफुटीला प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं येतात. खालच्या बाजूची जून, जाड जोडी निवडा. कोवळ्या पानांत ही रात्रीची पद्धत पुरती रुजलेली नसते. जोडीतलं एक पान सूर्य उगवण्याआधी तोडा, दुसरं त्याच दिवशी सूर्य मावळताना. वय तेच, झाड तेच, त्यामुळे तुलना खरी होते. पेनाच्या टोपणाने प्रत्येक पानाच्या वीस चकत्या पाडा. हुपरीकडे कुणी चांदीकाम करणारं ओळखीचं असेल तर त्यांच्या काट्यावर दोन-दोन ग्रॅम तोलून घेतलेलं सगळ्यात उत्तम.

मोजणं. चकत्या तोडल्या तोडल्या अर्धा कप उकळत्या फिल्टरच्या पाण्यात टाका आणि दहा मिनिटं उकळा. आम्ल पाण्यात उतरतं, हिरवा रंग बहुतेक पानातच राहतो. वाटून रस काढला तर हिरव्या रंगात हळदीचा बदल कळत नाही, म्हणून वाटू नका. गार झालेलं पाणी पांढऱ्या वाटीत गाळा, आटलं तेवढं पाणी घालून पुन्हा अर्धा कप करा आणि हळदीचे पाच थेंब टाका. आता सिरिंजने थोडी थोडी निवळी सोडत ढवळत राहा. थेंब पडतो तिथे तांबूस ठिपका उमटतो आणि ढवळताच जातो. एका क्षणी तो जात नाही, सगळी वाटी तांबूस होते. तिथे थांबा आणि किती मिली लागली ते लिहा. नुसत्या पाण्यावरही एकदा हे करून तो आकडा वजा करा. पहाटेच्या पानाला निवळी ठळकपणे जास्त लागायला हवी.

उन्हाची चाचणी. उजाडण्याआधी जोडीतल्या एका पानाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही संध्याकाळी तोडून मोजा. झाकलेलं पान अजून आंबट निघतं, कारण प्रकाश नसताना आम्ल दिवसा नीट वापरलं जात नाही.

गारव्याची चाचणी. ही थंडीत करा. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बऱ्याचदा १५ अंशांच्या आसपास उतरतो. दोन कुंड्या दिवसा गच्चीवर एकत्र ठेवा. रात्री एक तिथेच, दुसरी बंद, उबदार खोलीत. आठवडाभराने पहाटेची पानं मोजा. गार रात्र मिळालेल्या पानात साठा जास्त भरतो. गरम रात्री श्वसन वाढतं आणि आम्लाचा साठा नीट होत नाही. एप्रिल-मेमध्ये अशा कुंड्यांची वाढ मंदावते ती बऱ्याचदा यामुळे. तेव्हा पाणी वाढवून फायदा नाही, मुळं मात्र कुजतात.

पाण्याची चाचणी. एका कुंडीचं पाणी तीन आठवडे तोडा. ताण फार वाढला की झाड रात्रीही रंध्रं उघडत नाही. स्वतःच्या श्वसनातून सुटलेलाच वायू पुन्हा पुन्हा वापरतं. पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कमी होतो. अशा वेळी झाड जगतं, वाढत नाही. नंतर पाणी देऊन काही दिवसांनी पुन्हा मोजा.

शेतातली पिकं हा मार्ग घेत नाहीत, तिथे डोळ्यांनी पाहावं लागतं. ऊस, शाळू आणि बाजरी दिवसाच रंध्रं उघडतात, पण कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात बांधून आतल्या पेशींत दाटीने पोचवतात. त्यामुळे ३० ते ४० अंशांतही त्यांचं काम चालू राहतं, आणि किलोभर वाढीला भुईमूग-हरभऱ्यापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. ही पद्धत उलगडली ती उसावरच, १९६०च्या दशकात, हवाई आणि ऑस्ट्रेलियात. तरी ऊस पाणी पितो, कारण तो १२ ते १८ महिने उभा असतो.

भुईमुगाला उष्णता वाढली की पानातलं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू जास्त पकडू लागतं आणि कमाई वाया जाते. ताणात, भर दुपारी दोन वाजता त्याच्याजवळ बसून पाहा: चारही पर्णिका उभ्या होऊन उन्हाकडे कड करतात. शाळूची पानं तेव्हा सुरळी होतात. संध्याकाळी पानं उघडली तर पिकात अजून दम आहे. सकाळी सातलाही मिटलेली असतील तर एक हलकं पाणी द्या आणि सऱ्यांत पाचट पसरा.