हार्टसाठी स्मार्टवॉच घेताय? आधी हे बघा

घड्याळ घेताना डिझाइन नंतर बघा, आधी आत कुठला सेन्सर आहे ते बघा. पाठीमागे हिरवा लाईट चमकतो ना, तो त्वचेखालचं रक्त कसं कमीजास्त होतंय त्यावरून ठोके मोजतो, रोजच्या वापराला पुरेसं आहे ते, पण पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल किंवा तिथे टॅटू असेल तर आकडा चुकतो. म्हणून मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधायचं. जोरात व्यायाम करत असाल तर छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा जास्त अचूक.

ठोके अनियमित पडतात असं वाटत असेल तर ईसीजी असलेलंच घ्या, ३० सेकंद बोट ठेवायचं की रिपोर्ट तयार, तो डॉक्टरांना दाखवता येतो. पण एक नीट लक्षात घ्या, हार्ट अटॅक यातलं कुठलंच घड्याळ ओळखत नाही!! छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि घड्याळ नॉर्मल म्हणतंय म्हणून घरी थांबू नका प्लीज, सरळ हॉस्पिटल गाठा. पेसमेकर असेल तर घ्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.