रिकाम्या बल्बवर नाव लिहू नका, आणि वॉर्डातल्या आणखी काही चुका

दरवर्षी इंटर्नची नवी बॅच येते, नवे जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, येतात आणि त्याच जुन्या चुका नव्या जोमाने सुरू होतात. मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतो. इथे ज्या चुका सांगतोय त्या निदानाच्या नाहीत. निदान चुकलं तर राउंडला कोणीतरी कान धरतं. बल्बात, म्हणजे तपासणीचं रक्त भरायच्या छोट्या नळीत, काय भरलं, हे राउंडला दिसत नाही.

एका बल्बातलं रक्त दुसऱ्यात ओतणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण तिच्यात मीही अडकलो होतो. मी पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला चाळिशीतला एक शेतकरी संध्याकाळी ॲडमिट झालेला. रात्री एकला लॅबमधून फोन आला, पोटॅशियम ९.२, म्हणजे जीवघेणं जास्त. माझेच हातपाय गार पडले. धावत गेलो तर पेशंट कॉटवर बसून स्टीलच्या पेल्यातून चहा पितोय. इसीजी काढला, त्यात काही नाही. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण पोटॅशियम वाढलं की लगेच उतरवा, ही पुस्तकातली ओळ डोक्यात घुमत होती. कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, लावलं. तासाभराने सिस्टर हाक मारत आल्या. पेशंट घामाने डबडबलेला, शुगर ४८.

लेक्चरर झोपेतून उठून आले. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, "कॅल्शियम वाचलंस का रे?" कॅल्शियम होतं ३.९, फारच कमी. पुन्हा रक्त पाठवलं, तर खरं पोटॅशियम २.६, म्हणजे उलट कमीच.

झालं असं होतं की प्लेन, म्हणजे आत ईडीटीएसारखं काही नसलेल्या बल्बात रक्त कमी पडलं, म्हणून इंटर्नने जांभळ्या झाकणाच्या बल्बातलं थोडं त्यात ओतलं. "रक्त त्याच पेशंटचं होतं ना सर?" असं वर मलाच विचारलं. जांभळ्या बल्बात ईडीटीएचा पोटॅशियमचा क्षार असतो आणि रक्त गोठू नये म्हणून तो कॅल्शियम धरून ठेवतो. त्यातलं थोडं जरी प्लेन बल्बात गेलं तरी पोटॅशियम आकाशाला आणि कॅल्शियम पाताळात. जुलाबाने आधीच पोटॅशियम घसरलेल्या माणसाला मी ते आणखी खाली ओढणारं औषध दिलं होतं. उरलेली रात्र मॉनिटरसमोर बसून काढली. चौथ्या दिवशी तो घरी गेला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, ते अजून आठवतं.

त्यामुळे रक्त कमी पडलं तर पुन्हा टोचा. पेशंट ओरडेल, ओरडू दे. भरताना क्रम ठेवा: आधी निळा, मग प्लेन, मग जांभळा, शेवटी शुगरचा करडा. सिरिंजची सुई काढून बल्बाच्या कडेने रक्त सोडा. सुईतून जोरात ढकललं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम पुन्हा खोटं वाढतं. भलता आकडा आला तर आधी पेशंट बघा, मग इसीजी, मग त्याच रिपोर्टातलं कॅल्शियम. इसीजीत बदल असतील तर मात्र रिपोर्टशी वाद घालत बसू नका, उपचार सुरू करा.

आधी नावं लिहून ठेवणं

सकाळी सहाला टेबलावर बसून दहा बल्बांवर नावं लिहायची आणि खिशात भरून निघायचं. काम पटापट होतं म्हणे! आमच्याकडे एकदा एकाच नावाच्या दोन बायका शेजारी होत्या, एक कॉटवर, एक फ्लोअर बेडवर. क्रॉसमॅचचं, म्हणजे चढवायचं रक्त जुळतं का ते बघायचं, रक्त एकीचं गेलं, नाव दुसरीचं. ब्लड बँकेत त्या दुसरीचा जुना ग्रुप नोंदलेला होता, तो जुळेना. टेक्निशियनने फोन केला म्हणून निभावलं. जुनी नोंद नसती तर चुकीच्या ग्रुपची पिशवी चढली असती.

मी अजूनही रक्त बल्बात गेल्यावर, कॉटपाशीच उभा राहून नाव आणि आयपीडी नंबर, म्हणजे ॲडमिशनचा नंबर, लिहितो. बेड नंबरवर विश्वास नाही, तो दुपारपर्यंत बदलतो. आणि "तुम्ही कांताबाई ना?" असं विचारूच नका. आपल्याकडे डॉक्टरने काहीही विचारलं तरी आजी मान हलवतात. "आजी, पूर्ण नाव सांगा" म्हणा.

बाकीच्या, थोडक्यात

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढू नका. पेशंटऐवजी सलाईनचा रिपोर्ट येतो.

इन्सुलिनची बाटली ४० ची की १०० ची, म्हणजे एका मिलीत किती युनिट, ते वाचा. ४० ला लाल झाकणाची सिरिंज, १०० ला केशरी. केसपेपरवर "युनिट" पूर्ण लिहा. घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात.

फेनिटॉइन हे फिट्सचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये घालू नका, साका होतो. नॉर्मल सलाईन घ्या.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधायची तपासणी, अँटिबायोटिकच्या आधी. नंतर काढून वेळ आधीची टाकणारे मला ओळखू येतात.

वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. टोचलीच, तर लाजून लपवू नका. पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, शक्यतो २ तासांत सुरू करायचं असतं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सकाळी बघू म्हणणारे मी पाहिलेत.

ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपल्यावर पुढच्याकडे पेशंट सोपवताना, "सगळे स्टेबल" एवढंच सांगून पळू नका. कोणाचा कोणता रिपोर्ट यायचाय आणि तो आल्यावर काय करायचं, ते सांगा. पीजीच्या प्रवेशपरीक्षेचे, नीटपीजीचे एमसीक्यू दहा मिनिटं थांबतील. पहिल्या आठवड्यातच "सर, सेंट्रल लाइन टाकू का?" (मोठ्या शिरेत नळी घालायचं कौशल्याचं काम) विचारणाऱ्यांना मी आधी ओव्हर द्यायला लावतो. निम्मे तिथेच अडकतात.

आणि पेन स्वतःचं ठेवा. सिस्टरांच्या टेबलावरचं पेन पळवणाऱ्याला रात्री अडीचला व्हेनफ्लो, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची सुई, कोण शोधून देणार?