पोलंडमध्ये नवीन आलात? हक्क ब्रसेल्सचा की वॉर्साचा, ते आधी पाहा

पोलंड 1 मे 2004 रोजी युरोपीय संघात आला आणि तेव्हापासून इथे दोन कायदे एकमेकांत गुंतून चालतात. आपल्याकडून येणाऱ्यांच्या हे ध्यानात येते ते बहुधा नकाराचे पत्र हाती पडल्यावरच. संघाचे विनियम, उदाहरणार्थ विमान रखडल्यास द्यायच्या भरपाईचा, थेट लागू होतात. निर्देशांचे (डिरेक्टिव्ह) उद्दिष्ट मात्र प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यातून साधायचे असते. त्यामुळे ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा संघातला निवासपरवाना) जर्मनीत लागणारा पगार इथे विचारात घेतला जात नाही, हे आपल्या ग्रुपवरच्या स्वयंघोषित वकिलांना कितीही सांगितले तरी पटत नाही.

निर्देशाने ठरवलेली मर्यादा अनेकदा किमान असते. वार्षिक रजा संघाच्या नियमाने चार आठवडे. पोलिश कायदा कामाचे 20 दिवस देतो आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर 26, शिवाय पदवीची आठ वर्षे सेवेत धरतो. हे सारे नोकरीच्या करारावर; ‘उमोवा झ्लेत्सेन्या’वर, म्हणजे नोकरीऐवजी नुसते काम सोपवणाऱ्या दिवाणी करारावर, काम घेतलेत तर कायद्याने ही रजा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. संघाचा दीर्घकालीन रहिवासी हा दर्जा 2003 च्या निर्देशातून आला असून त्यासाठी पाच वर्षांचा सलग कायदेशीर वास्तव्यकाळ लागतो. या काळात एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी आणि एकूण दहा महिन्यांपर्यंतच देशाबाहेर राहता येते; विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे निम्मीच धरतात. माझ्या ओळखीचा एक जण वडिलांच्या आजारपणात बिनपगारी रजा घेऊन सात महिने पुण्यात राहिला आणि त्याची चार वर्षे वाया गेली. पोलंडमधील मालकाच्या कामासाठी बाहेर राहणे यासारखे अपवाद पोलिश कायद्यात आहेत, पण आई-वडिलांचे आजारपण त्यांत बसत नाही. तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्टावरचे शिक्के मोजा. पुन्हा सांगतो, मोजाच.

पोलिश संविधानाचे कलम 91 संघाच्या कायद्याला पोलिश अधिनियमांवर वरचढ ठरवते. तरीही 7 ऑक्टोबर 2021 रोजी इथल्या संविधान न्यायाधिकरणाने संघाच्या कराराच्या काही तरतुदी संविधानाशी विसंगत ठरवल्या, आणि त्याच महिन्यात न्यायाधीशांवरील शिस्तभंग कारवाईच्या वादात लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पोलंडला रोज 10 लाख युरोंचा दंड लावला. या भांडणावर ऑफिसात मते मांडू नका, पण लक्झेंबर्गच्या न्यायालयाची ताकद ओळखा: स्विस फ्रँकमधल्या गृहकर्जांच्या अटींवर 2019 मध्ये तिथून निकाल आला आणि पोलिश कर्जदारांना बँकांविरुद्ध भक्कम आधार मिळाला. तो खटला वॉर्साच्या न्यायालयाने प्रश्न पाठवल्यामुळे तिथे पोहोचला होता. तुम्हाला स्वतःला तिथे थेट अपील करता येत नाही. संघाच्या कायद्याचा मुद्दा इथल्या अर्जात आणि अपिलातच, कलमासह, मांडावा लागतो.

निवासपरवान्याच्या नकारावर अपिलाची मुदत 14 दिवसांची असते, आणि पत्र पोस्टातून उचलले नाही तरी ठरावीक काळानंतर ते मिळाले असेच धरतात. म्हणून घर बदलताच कार्यालयाला लेखी कळवा.